सहदेव टिकारांचा तेरावा बुश

खामगावच्या जिनिंग गल्लीत सकाळी सात ते आठ हा तास देशाच्या संरक्षणासाठी राखीव असतो. धम्मरत्नच्या चहाच्या टपरीसमोर दोन बाकडी आहेत. एकावर लढाऊ विमानाला एकच इंजिन पुरे म्हणणारे एक इंजिनवाले बसतात, दुसऱ्यावर दोन इंजिनवाले. एक इंजिनवाल्यांचे पुढारी गोपाळ सर. कॉलेजात बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून शिकवायला कोणी सापडेना म्हणून कासावीस आहेत. दोन इंजिनवाल्यांचा पुढारी सहदेव टिकार. त्या पक्षात तो एकटाच आहे, पण आवाज चौघांचा असल्यामुळे बाकडं भरलेलं वाटतं.

"सर, एक इंजिन हवेत बंद पडलं तर काय करसान? खाली उतरून धक्का देसान?"

"सहदेव, दोन इंजिनं म्हणजे वजन जास्त, इंधन जास्त, दुरुस्ती दुप्पट. विमान आकाशात कमी आणि शेडमध्ये जास्त."

"अन एक मेलं तर दुसरं पोराले घरी आनते, थे नाही सांगत तुमी!"

"बिघडायच्या जागाही दोन होतात, हे तू नाही सांगत."

मग विषय पंखांवर जातो. नाकाजवळचे ते छोटे पंख हवेत की नकोत? सर म्हणतात, रडारला ते आयते सापडतात. सहदेव म्हणतो, त्यांच्याशिवाय झटक्यात वळून दाखवा. मग क्षेपणास्त्रं पंखाखाली टांगायची की पोटात लपवायची? सर पोटाच्या बाजूचे, कारण लपून जायचं तर अंगाबाहेर काही दिसता कामा नये. सहदेवला ते पटत नाही. "पोटात ठेवून किती ठेवसान? लग्नाले चालले, अन म्हनता आहेर खिशातच मावला पाह्यजे!" एकदा धम्मरत्न गाळणी झटकत म्हणाला, "काऊन भांडता बे, आता पायलटच नाही ठेवत म्हनते विमानात." तेव्हा मात्र दोन्ही बाकडी एक झाली आणि त्याच्यावर तुटून पडली. त्या दिवसापासून तो तटस्थ राष्ट्र आहे.

फक्त एका विषयावर दोघं गप्प होतात. आपल्या तेजसचं इंजिन आपलं नाही, हा तो विषय. आतलं पातं अख्खंच्या अख्खं एका स्फटिकाचं बनवावं लागतं, आणि ज्या वायूत ते फिरतं तो वायू त्या धातूला वितळवण्याइतका तापलेला असतो, हे सरांनी सांगितलं तेव्हा सहदेवनं चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ आपल्या हाताकडं पाहत बसला. सांगतो ते खोटं नव्हे, त्या दिवशी त्यानं दुसरा कप मागितलाच नाही.

सहदेव चोपन्न वर्षांचा आहे. आयटीआय झालेला, लेथवरचा माणूस. जिनिंगच्या यंत्राचा कोणताही भाग मोडला की लोक तो फडक्यात बांधून त्याच्याकडं आणतात. सहदेव त्या तुकड्याकडं डॉक्टरच्या नजरेनं पाहत नाही, सासूच्या नजरेनं पाहतो. "हे कोनं केलं व्हतं?" असं विचारतो, मान हलवतो आणि नवा करून देतो. दुसऱ्यांच्या दुकानात देवांच्या तसबिरी असतात, तिथं त्याच्या दुकानात लढाऊ विमानांची चित्रं आहेत. बायकोनं, अन्नपूर्णानं, फार भांडून सुखोई आणि राफेलच्या मधे विश्वकर्म्याला जागा मिळवून दिली. तोही बिचारा आता हवाई दलातलाच वाटतो.

आणि एक खोड. कोणी बारा बुश, म्हणजे यंत्राच्या दांड्यावर बसणाऱ्या धातूच्या आखूड नळ्या, मागितले की सहदेव तेरा देतो. बापाच्या वेळेपासूनची रीत आहे. केळीवाला डझनावर एक केळ ठेवतो, तेलवाला माप भरल्यावर वरून धार सोडतो, तसा हा वरून एक बुश टाकतो. तो तेरावा कागदात वेगळा गुंडाळतो, कागदावर हळदीकुंकवाचं बोट लावतो आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना म्हणतो, "हा माह्याकडून." अख्ख्या तालुक्यात त्याचं नाव या तेराव्यामुळं आहे. ज्यांना त्याचं आडनाव ठाऊक नाही, ते 'तेरा देनारा' म्हणून पत्ता विचारतात.

तर या सहदेवला विमानाचं काम मिळालं. कसं मिळालं, तेही ऐकण्यासारखं आहे. बुलढाण्याला लघुउद्योजकांचा मेळावा होता. विमानांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीचे साहेब भाषणाला आले होते. भाषण संपलं, "कुणाला काही विचारायचं?" म्हणाले, आणि सहदेव उभा राहिला. एक इंजिन की दोन, इथून सुरुवात करून त्यानं साहेबांना तिसऱ्या चहापर्यंत सोडलं नाही. शेवटी साहेब म्हणाले, "तुम्ही नमुन्याचं काहीतरी करून दाखवा, मग बोलू." त्यांना वाटलं, सुटलो. सहदेवनं दुसऱ्याच दिवशी आपल्या हातचा एक बुश त्यांच्या पत्त्यावर पाठवून दिला. साहेबांनी तो गंमत म्हणून मोजायला दिला, आणि मोजणाऱ्यांची गंमत संपली.

महिन्याभरात सहदेवकडं एक लाकडी पेटी आली. आत नंबर ठोकलेली खास स्टेनलेसची एक कांब, एक नकाशा आणि पाच पानांचा इंग्रजी कागद. कांबेतून बारा बुश करायचे, कंपनीचा माणूस इथं येऊन तपासणार, आणि पास झाले तर 'टिकार इंजिनिअरिंग वर्क्स, खामगाव' हे नाव विमानाचे भाग पुरवणाऱ्यांच्या यादीत जाणार. सहदेव त्या रात्री जेवताना अन्नपूर्णाला म्हणाला, "एकडाव नाव लागलं पाह्यजे वं. मंग मेलो तरी चालते." अन्नपूर्णा म्हणाली, "आंधी लागू द्या. मंग पाहू मरायचं."

पाच पानांचा कागद वाचायचं काम अर्थातच गोपाळ सरांकडं आलं. टपरीवर बसून सरांनी पहिलं पान वाचलं, मराठीत सांगितलं. दुसरं वाचलं, तेही सांगितलं. तिसरंही वाचून झालं, पण त्याच्या कोपऱ्यात कंपनीचं चिन्ह होतं, नखाएवढं विमान, मागून दिसणारं. सहदेवनं बोट ठेवलं. "पाहा सर! दोन इंजिनं!" सरांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ते एकच आहे. दुसरा छपाईचा डाग आहे." झालं. भिंग मागवलं गेलं. जिनिंगवरून दोन साक्षीदार आले. दहा वाजता सर रागावून घरी गेले, सहदेव कागद घडी करून खिशात घालून दुकानात गेला, आणि चौथं व पाचवं पान, या जगात वाचण्यासाठी जन्माला आलेली ती दोन पानं, तशीच कोरी कुमारी राहिली.

पंधरा दिवस सहदेव टपरीवर दिसला नाही. आता हे कौतुकानं सांगावं की नाही कळत नाही, पण त्या पंधरा दिवसांत एक इंजिनवाल्यांनाही करमत नव्हतं. सहदेव दुकानाचं शटर अर्धं खाली ओढून एकटा काम करीत होता. एका मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातल्या दहा भागांची सूट होती, त्याच्या पलीकडं चूक. एकेक बुश उतरला की तो त्याला फडक्यात घेऊन उजेडाकडं धरी, नंबर ठोकी आणि कापसाच्या गादीवर ठेवी. यंत्रातून निघणारा कीस असा लांब, चकचकीत आणि कुरळा येत होता की अन्नपूर्णा पाहतच राहिली.

"अवो, हे फेकू नका हो. सुभद्राकाकूच्या महालक्ष्म्याच्या मागं लावलं तर किती छान दिसन!"

"ने ना. मले काय करायचा?"

अन्नपूर्णानं शेवटच्या बुशापर्यंतचा सगळा कीस साबणाच्या पाण्यात दोनदा धुतला, वाळवला, टोकं वळवून बोथट केली आणि समोरच्या सुभद्राबाईंकडं दिला. सुभद्राबाईंच्या महालक्ष्म्या, म्हणजे भाद्रपदातल्या गौरी, हा गल्लीचा मोठा सण. त्यांच्या मागं धातूच्या त्या कुरळ्या झिरमिळ्या लागल्या आणि बायका म्हणू लागल्या, यंदा जणू चांदीचाच पडदा केला सुभद्राबाईनं!

इकडं बारा बुश झाले. तयार बुश कांबेपासून कापायची नेहमीची पाती चार मिलिमीटर जाडीची. तेवढा धातू प्रत्येक कापात वाया जातो. सहदेवनं स्वतः घासून दोन मिलिमीटरची पाती केली होती. बारा कापांमध्ये धातू वाचला, आणि तेवढ्यात आणखी एक बुश आरामात निघत होता. त्याला काही ठरवावंच लागलं नाही. हात आपोआप गेला. तेरावा बुश उतरला, कागदात वेगळा गुंडाळला गेला, त्यावर हळदीकुंकवाचं बोट लागलं.

तपासायला आल्या त्या पुष्पांजली मॅडम. नेमक्या महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी. जलंबला गाडी बदलून खामगावात उतरल्या, पाठीवर मोजमापाची पेटी. वय असेल पस्तीस, पण चेहरा असा की पाहणारानं आपोआप शर्टाचं वरचं बटण लावावं. गल्लीत सगळीकडं पुरण शिजल्याचा वास होता. मॅडमनी पाणीसुद्धा आपल्या बाटलीतलं प्यायलं.

गोपाळ सर भांडण विसरून इस्त्रीचा सदरा घालून हजर होते. "मॅडम, एवढंच सांगा," त्यांनी पहिल्या पाच मिनिटांतच विचारलं, "हा बुश इंजिनमधला आहे की पायलट चढतो त्या शिडीच्या बिजागरीतला?"

"ते मला सांगता येत नाही."

"म्हंजे इंजिनचाच," सहदेव म्हणाला.

"म्हणजे शिडीचा," सर म्हणाले.

मॅडमनी मोजायला सुरुवात केली. दोन तास गेले. बाराही बुश बसले. प्रत्येकाच्या नंबरापुढं हिरवी खूण झाली. सहदेवच्या छातीवर एवढा वेळ बसलेला कोणीतरी हळूहळू उठत होता. मग त्यानं खिशातून ती पुडी काढली, दोन्ही हातांनी पुढं केली आणि हसला.

"हा माह्याकडून, मॅडम."

मॅडमनी पुडी उघडली. बुशकडं पाहिलं, कागदावरच्या कुंकवाकडं पाहिलं, मग सहदेवकडं.

"हे काय आहे?"

"तेरावा. बारावर एक देतो आमी. रीत हाये."

"याच्यावर नंबर कुठे आहे?"

"नंबर बाराच व्हते नं."

"मग हा आला कुठून?"

सहदेवला वाटलं, मॅडमना गणित समजलं नाही. तो उत्साहानं पातीची हकीकत सांगू लागला. मॅडम ऐकत होत्या आणि ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं. ते पेन खाली ठेवणं सहदेवनं पाहिलं, आणि त्याचं वाक्य अर्ध्यातच थांबलं.

"टिकार साहेब, पाचव्या पानावर स्पष्ट लिहिलंय. लेखी परवानगीशिवाय जास्तीचा एकही तुकडा करायचा नाही. उरलेला सगळा धातू, कीससुद्धा, जपून ठेवायचा. वाचलं नाही तुम्ही?"

सहदेवनं गोपाळ सरांकडं पाहिलं. गोपाळ सर छताकडं पाहू लागले. छताला विशेष काही नव्हतं.

"हा तुकडा त्याच कांबेतला आहे हे कशावरून?" मॅडम म्हणाल्या. "बाहेरचा धातू दुकानात मिसळला असेल, तर या बारांपैकी कोणता कुठला, हे मी कशी सांगणार? मला सगळेच थांबवावे लागतील."

"भेसळ?" सहदेवचा आवाज वर गेला. "म्या भेसळ करीन? इचारा कोनालेबी या तालुक्यात! तीस वर्सं झाले, कोनी एक बुश वापस नाही आनला!"

"तुमच्यावर शंका नाहीये माझी. पण विमानाला तुमची ओळख नाही ना! उद्या वर काही झालं, तर आम्ही त्या तुकड्याचा नंबर घेऊन मागे मागे जातो. कोणी केला, कोणत्या कांबेतून केला, कोणत्या तारखेला केला. हा तुमचा तेरावा असा बेवारस फिरत राहिला आणि कुठे बसवला गेला, तर मागे जायला वाटच नाही."

सहदेव स्टुलावर बसला. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी लोकांनी त्याला नावाजलं, तिच्याचमुळं त्याचं नाव यादीबाहेर जाणार होतं. त्याला राग करायचा होता, पण त्या बाईचं बोलणं त्याच्या डोक्यात नीट बसत होतं, अगदी दहा भागांच्या सुटीत, आणि म्हणून रागाला जागा मिळत नव्हती.

"काही उपाय?" सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

"एकच. कांबेचं मूळ वजन माझ्याकडे आहे, दोन हजार एकशे नव्वद ग्रॅम. तेरा बुश, उरलेलं टोक आणि कीस मिळून तेवढंच भरलं, तर बाहेरचा धातू आला नाही हे सिद्ध होईल. कीस कुठे आहे?"

समोरून सुभद्राबाईंच्या घरातला आरतीचा आवाज तेवढा येत होता. अन्नपूर्णानं पदर तोंडाला लावला. "महालक्ष्म्याच्या मागं हाये," ती म्हणाली.

मॅडमनी दोनदा विचारलं, कारण त्यांना वाटलं, ही एखादी कंपनी असावी.

सुभद्राबाई म्हणजे गल्लीतलं सर्वोच्च न्यायालय. वय अठ्ठ्याहत्तर, आवाज पंचविशीतला. ज्येष्ठा-कनिष्ठा समोर नटून बसलेल्या, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा टांगलेला आणि मागं तो चकचकीत पडदा. सहदेवनं हात जोडून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "नाही."

"काकू, माहं नाव जाते वं!"

"जाऊ दे. बसलेल्या महालक्ष्म्याच्या मागचं उद्यापर्यंत कोनी काढत नसते. घरधनीन मी हावो का तू?"

"काकू, थे विमानाचं हाये."

"तं मंग विमानवाल्याइनं देवीले काऊन देल्लं?"

"म्याच देल्लं, काकू," अन्नपूर्णा पुढं झाली. "चूक माही हाये. पन एक सांगू? देवीच्या मागं जे लावलं, थे अर्धवट कामाचं हाये. पास नाही झालं अजून. नापास झालेली वस्तू चालन का तुमाले देवीच्या मागं?"

सुभद्राबाईंनी मागं वळून पडद्याकडं पाहिलं. आता हे अन्नपूर्णाला त्या क्षणी कसं सुचलं देव जाणे, पण गल्लीतल्या बायका अजून त्याची तारीफ करतात.

"रिकामी जागा दिसली नाही पाह्यजे," सुभद्राबाई शेवटी म्हणाल्या. "एक झिरमिळी काढाची, अन तिथीच झेंडूची माळ लावाची. पाठ मोकळी नाही दिसली पाह्यजे देवीची. अन थ्या मॅडमले म्हना, चपला बाहीर."

मग अर्ध्या तासात अख्ख्या गल्लीतला झेंडू जमा झाला. एक बाई माळ लावी, दुसरी झिरमिळी उतरवी, मॅडम चपला बाहेर काढून ताटात गोळा करीत. ताट देवघरातलं होतं. कीस त्याच्यात असा दिसत होता, जसा नारळाचा कीस नैवेद्याला काढून ठेवलाय.

वजनाचा प्रश्न उरला. दुकानातला काटा पोत्यांच्या वजनाचा, त्यावर मॅडमनी नजर टाकूनच मान हलवली. दरवर्षी सरकारी शिक्का मारून घेतलेला, ग्रॅम ग्रॅम दाखवणारा काटा पाहिजे. खामगावात चांदीची कमी नाही, तशी चांदीच्या काट्यांचीही नाही. महादेवराव सराफ आपला काटा रिक्षात मांडीवर घेऊन आले, पंचांगासारखं त्याचं प्रमाणपत्र वाचून दाखवलं आणि शेवटी "शुभं भवतु" म्हणाले.

तेरा बुश आठशे सहा. टोक दोनशे दहा. कीस अकराशे बत्तीस.

मॅडमनी बेरीज केली. "बेचाळीस ग्रॅम कमी आहे."

सहदेवनं झाडू उचलला. दुकानाचा कोपरान् कोपरा झाडला, यंत्राचा ट्रे उलटा केला, काही नाही. महालक्ष्म्यांच्या मागं सुभद्राबाई स्वतः हात घालून आल्या, तिथंही काही नाही. मॅडमनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात गोपाळ सर खोकले. वर्गात मुलं खोटं बोलताना खोकायची, तसाच खोकला.

"माझ्याकडे थोडा असावा," सर म्हणाले.

"तुमच्याकडं?"

"पहिल्या दिवशी तुझ्या शटरखालून उचलला होता. चुंबक लावून पाहायला. साधं पोलाद असतं तर चिकटलं असतं, म्हणजे मग शिडीचंच."

"मंग? चिकटलं?"

सर चष्मा पुसू लागले.

"सर, चिकटलं का नाही?"

"नाही चिकटलं," सर म्हणाले आणि त्यांची मान खाली गेली. "म्हणून तर सांगितलं नाही तुला."

एरवी सहदेवनं या वाक्यावर महिनाभर काढला असता. त्या दिवशी तो फक्त म्हणाला, "आना लवकर, बाप्पा." सर निवृत्तीनंतर पहिल्यांदा पळाले. घरून साबणाच्या डबीत धुऊन ठेवलेला चाळीस ग्रॅम कीस घेऊन आले.

दोन ग्रॅम कमी. मॅडम म्हणाल्या, एवढी घट चालते. अन्नपूर्णानं धुतला नसता तर तेलाच्या वजनानं सगळा हिशेब चुकला असता, असंही म्हणाल्या. अन्नपूर्णानं सहदेवकडं एकदा पाहून घेतलं.

"मंग पास?" सहदेवनं विचारलं.

"बारा पास. पण तेरावा इथे राहू शकत नाही." मॅडमनी तो हातात घेतला आणि उगाचच, किंवा त्यांनाही मोह आवरला नसेल, त्याचं माप घेतलं. एकदा घेतलं, परत घेतलं. "दहाची सूट आहे," त्या म्हणाल्या. "हा दोनवर आहे. सगळ्यात चांगला हाच झालाय."

"हाव," सहदेव म्हणाला. त्याला ठाऊक होतं. देण्याचा बुश तो नेहमी जास्त मन लावून करी, कारण तो कोणी मागितलेला नसे. "देव्हाऱ्यात ठेवतो, मॅडम. कोनाच्या हाती लागू देत नाही."

"आज तुम्ही आहात. तीस वर्षांनी ज्याच्या हाती लागेल त्याला कसं कळणार?"

नापास माल लाल रंगानं रंगवून कापायचा असतो, आणि तो ज्यानं केला त्यानंच, तपासणाऱ्याच्या समोर. मॅडमकडं रंगाची डबी होती. सहदेवनं बुश व्हाइसमध्ये आवळला, रंगवला आणि हॅकसॉ उचलली. यंत्रावर कापला असता तर एका मिनिटाचं काम होतं. त्यानं हातानं कापला. दोन अर्धुकं खाली पडली तेव्हा त्यानं ती उचलून काप कसा आलाय ते पाहिलं. सरळ आला होता. मग दोन्ही तुकडे मॅडमच्या हातात दिले.

मॅडमनी फॉर्म पुढं केला. जास्तीचा तुकडा का केला, कारण लिहा. सहदेवनं लिहिलं, 'सवय.' खाली आणखी एक ओळ होती, पुन्हा होऊ नये म्हणून काय कराल. तिथं लिहिलं, 'पाचही पानं वाचून घेईन. गोपाळ सरांशिवाय.'

मॅडमनी सही केली, पेन खिशात घातलं आणि निघाल्या. दारात सुभद्राबाई उभ्या. "जेवून जा." मॅडम म्हणाल्या, ज्यांचं काम तपासलं त्यांच्याकडचं काही घेता येत नाही. "माहा कुठला कारखाना हाये वं बाई?" सुभद्राबाई म्हणाल्या आणि मनगट धरूनच आत घेऊन गेल्या. आंबील, कढी, भाज्यांची रांग, पुरणपोळी. मॅडम दोन पोळ्या जेवल्या आणि पानावर हात आडवा धरला. "बस, दोनच." सुभद्राबाईंनी हाताच्या फटीतून तिसरी सोडली, वर तुपाची धार.

"लिहून घ्या मॅडम," समोरच्या पंगतीतून सहदेव म्हणाला, "लेखी परवानगी नव्हती."

मॅडम हसल्या. दुपारभर कोंडून ठेवलेलं हसू होतं, त्यामुळं ते जरा मोठ्यानंच आलं.

अकराव्या दिवशी पत्र आलं. नाव यादीत लागलं होतं. सोबत नवीन काम, चाळीस बुश. धम्मरत्ननं त्या दिवशी दोन्ही बाकड्यांना चहा पाजला. सरांनी पाचही पानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवली. कोपऱ्यातल्या चिन्हावर सहदेवनं अंगठा ठेवला होता.

चाळीस बुश झाले. मोजून चाळीस. सहदेवनं पेटी भरली, पण झाकण लावीना. अन्नपूर्णा चहा घेऊन आली तेव्हा तो हात गुडघ्यांवर ठेवून पेटीसमोर बसला होता, जणू पाहुण्याला उपाशी पाठवतोय.

"काय झालं?"

"लाज वाटते वं. जिनिंगवाल्याले बारावर एक देतो, अन देशाले मोजून?"

अन्नपूर्णानं कप त्याच्या हातात दिला, आणि खिळ्यांची डबी त्याच्यासमोर सरकवली.

"देशाले मोजूनच पाह्यजे हाये," ती म्हणाली. "त्याइनं मागतलं थेच द्या. हातोडी देऊ का?"

सहदेवनं चहा संपवला, पेटीत एकदा परत नजर टाकली, आणि झाकणावर पहिला खिळा ठोकला.